चुलीची सुटी

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्यातल्या पदार्थाविषयी लिहिणे म्हणजे बारशाच्या घरी लग्नाची पत्रिका वाटण्यासारखे आहे, असे कुणी म्हणेल. पण आश्विनातल्या उकाड्यात चकलीच्या कढईपुढे जिने तीन-तीन तास काढले आहेत, त्या गृहिणीला विचारा. पंचांगात उन्हाळा वर्षातून एकदा येत असेल. स्वयंपाकघरात तो रोज दोनदा येतो, सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला. तेव्हा उन्हाळ्यातल्या एका थंड पदार्थाची गोष्ट ऐन दिवाळीत सांगितली, तर वाचकांनी, निदान वाचकांच्या घरातल्या स्त्रियांनी तरी, राग मानू नये.

पदार्थ परका आहे. कोळंबी, माकूल, तिसऱ्या आणि इटलीतला पास्ता यांची ही थंड कोशिंबीर. मी मराठीचा अध्यापक. पाकशास्त्राशी माझा संबंध गेल्या मे महिन्यापर्यंत ताटाच्या अलीकडच्या बाजूने होता, पलीकडच्या बाजूने नव्हता. तो कसा जडला हे आधी सांगतो.

ओल्या केसांची यजमानीण

माझे मेहुणे व्यापारी बोटीवर इंजिनिअर आहेत. काही वर्षांपूर्वी ऑगस्टात त्यांची बोट नेपल्सच्या बंदरात थांबली होती. पंधरा ऑगस्टला, आपण इकडे झेंडावंदन करून जिलेबी खातो त्या दिवशी, इटलीत 'फेर्रागोस्तो' नावाचा सण असतो. सम्राट ऑगस्टसच्या काळातल्या सुटीवरून हे नाव आले आणि पुढे मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण त्याच दिवसाला येऊन मिळाला. त्या दिवशी तिकडे दुकाने बंद करून लोक समुद्राकडे धाव घेतात.

बंदरावरच्या एका सहकाऱ्याने मेहुण्यांना घरी जेवायला बोलावले होते. हे वेळेवर पोहोचले तर घराला कुलूप! पाऊण तासाने यजमान, यजमानीणबाई आणि पोरे समुद्रावरून परतली. बाईंचे केस अजून ओले होते. तिने चूल पेटवली नाही. शीतकपाटातून एक मोठे वाडगे काढले, त्यावर लिंबू पिळले, पाव कापला आणि सर्वांबरोबर खुर्ची ओढून ती बसली.

"चव उत्तमच होती," मेहुणे म्हणाले, "पण मला आठवते ते एवढेच, की जेवण संपेपर्यंत ती बाई एकदाही उठली नाही."

हे वाक्य माझ्या मनात कुसळासारखे रुतून बसले. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे. मासे म्हटले की आमच्या घरी एकच कायदा: तुकडी तव्यावरून थेट ताटात. निवलेली तुकडी पुढे आली तर आमचे वडील ती बोटाने बाजूला सारीत. बोलत काही नसत. दुसरी तुकडी मात्र लगेच तव्यावर पडे. हा कायदा पाळायचा तर तव्याजवळ कुणीतरी उभे हवे, आणि ते कुणीतरी म्हणजे आई. मी आयुष्यात हजारो गरम तुकड्या खाल्ल्या असतील. आईला गरम तुकडी खाताना मी एकदाही पाहिलेले नाही. एवढी साधी गोष्ट कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली, आणि तीही नेपल्समार्गे!

वास्तविक चुलीला विश्रांती देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. श्रावणातल्या शिळासप्तमीला चूल पेटवीत नाहीत. आदल्या दिवशी केलेले थंड अन्न खातात. आपल्या पूर्वजांनी चुलीला वर्षातून एक दिवस सुटी दिली. चुलीपुढे बसणारीला मात्र आदल्या दिवशी दुप्पट कामाला लावले, ही गोष्ट वेगळी.

शेवयांचे मावसभाऊ

पास्ता म्हणजे शब्दशः मळलेली कणीक. हा पदार्थ मार्को पोलोने चीनहून इटलीत नेला, ही दंतकथा आपण पुष्कळदा ऐकतो. तिच्यात तथ्य नाही. मार्को पोलो जन्मण्याच्या शंभर वर्षे आधी, ११५४ साली, अल्-इद्रिसी या अरब भूगोलकाराने सिसिलीतल्या पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाविषयी लिहून ठेवले आहे, की तिथे 'इत्रिया' नावाच्या वाळवलेल्या पिठाच्या तारा एवढ्या होतात, की त्या जहाजांत भरून परदेशी जातात. तारा म्हणजे सरळ शेवयाच की!

नाते एवढ्यावरच संपत नाही. सुका पास्ता करायचा तो ड्युरम या कठीण गव्हाचाच, असा इटलीत १९६७ पासून कायदा आहे. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा. शेवयांसाठी जुन्या बायका बन्सी किंवा खपली गहू धुंडाळीत, तो उगाच नव्हे. या गव्हाचा रवा चिवट. त्याची तार तुटत नाही आणि शिजताना तिचा लगदा होत नाही.

आणि नावे पाहा. आपल्या आज्या लग्नाच्या आधी दुपारभर वळवट वळीत बसत: गव्हाच्या दाण्याएवढे ते गव्हले, नखाच्या आकाराचे ते नखुले, बोटांवर वळलेले ते बोटवे. इटालियन आजीही तेच करीत आली. कानाच्या पाळीसारखा तो 'ओरेक्किएत्ते', म्हणजे इवलेसे कान. फुलपाखराच्या आकाराचा तो 'फार्फाल्ले'. चातीवरच्या पिळासारखा 'फुसिल्ली', शिंपल्यासारखा 'कोन्किल्ये', बोरूसारखा तिरका कापलेला 'पेन्ने'. तिकडची आणि इकडची आजी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, पण कणकेचा गोळा हाती आल्यावर दोघींनाही आपले नख, बोट, कान आणि अंगणच आठवले. भाषेच्या अध्यापकाला याहून अधिक आनंद कशात असणार?

आपल्या कोशिंबिरीसाठी लांब तारा घेऊ नयेत. चमच्यात न मावणारी कोशिंबीर ही कोशिंबीर नव्हे. शिंपला किंवा पीळ हे आकार उत्तम. त्यांच्या खोबणीत तेल राहते, आणि शिंपल्यात तर एखादी लहान कोळंबी आपण होऊन शिरून बसते.

पहिली फजिती

मे महिन्याच्या सुटीत एका रविवारी मी घोषणा केली, की आजचा स्वयंपाक माझा. सौ.ने वर्तमानपत्रावरून नजर न काढता "बरं" म्हटले. त्या एका शब्दात वीस वर्षांच्या संसाराचा अनुभव होता.

मी पास्ता भातासारखा शिजवला, मऊ होईपर्यंत. मग चाळणीत ओतून तसाच ठेवला. अर्ध्या तासाने त्याचा चाळणीच्या आकाराचा एकसंध केक तयार झाला. कोळंबी आणि माकूल मी एकाच पातेल्यात टाकून दहा मिनिटे उकळले, कारण मासा कच्चा राहू नये ही चिंता. माकूल सायकलच्या ट्यूबसारखे झाले. त्यावर मी लिंबू पिळले, आणि बाजारातली दाट अंड्याची चटणी, जिला मेयोनेज म्हणतात, ती ओतली. थोरल्या चिरंजीवांनी एक घास घेतला आणि आज आपल्याला भूक नसल्याचे जाहीर केले.

आईने मात्र ताटातले सगळे संपवले. मग हळूच म्हणाली, "थंड मासे कोण खाता रे?" आणि उठून तिने मुलांसाठी चार बांगडे तळले. म्हणजे ज्या माउलीला सुटी द्यायची, ती त्या दिवशी दीड वाजता पुन्हा तव्यापुढे उभी! मेहुण्यांच्या वाक्यातले कुसळ आता अधिकच टोचू लागले.

पुढचे तीन रविवार मी चुका शोधण्यात घालवले. त्यांतून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो. सहा माणसांचे प्रमाण असे: पास्ता ४०० ग्रॅम, सोललेली कोळंबी अर्धा किलो, साफ केलेले माकूल ३०० ग्रॅम, तिसऱ्या एक किलो, ऑलिव्हचे तेल सहा मोठे चमचे, लसणीच्या दोन पाकळ्या, दोन लिंबे, पिकलेले पण घट्ट असे तीन टोमॅटो, सेलरीचा एक देठ, मूठभर पार्स्ली, मिरपूड आणि चार तिरफळे. तिरफळ नेपल्सला कुठून, असा प्रश्न पडेल. त्याचा खुलासा शेवटी.

घड्याळाचा स्वयंपाक

गरम कालवणात मसाला, खोबरे आणि वाफ पुष्कळ गोष्टी पोटात घालतात. थंड पदार्थ काहीच पोटात घालत नाही. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे बाजार. कोळंबीचे डोके धडाला घट्ट हवे, कवच चकचकीत, सांध्यांवर काळे डाग नकोत. वास समुद्राचा यावा. नाकात नवसागरासारखी झिणझिण आली तर ती तिथेच ठेवून परत फिरावे. तिसऱ्या मिटलेल्या घ्याव्यात. एखादी उघडी दिसली तर टिचकी मारावी. मिटली तर जिवंत आहे, न मिटली तर टाकावी. आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा ताज्या मालासाठी हा पदार्थ एप्रिल-मेचा किंवा दिवाळीच्या आगेमागेचा.

घरी आल्यावर तिसऱ्या लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात दोन तास ठेवाव्यात. साधारण एवढाच खारटपणा समुद्राचा असतो. आपण घरीच आहोत अशा समजुतीने त्या तोंड उघडतात आणि पोटातली रेती बाहेर टाकतात. मग कोरड्या पातेल्यात झाकण ठेवून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे. उघडल्या की झाल्या. न उघडलेली तिसरी सुरीने उघडण्याचा अट्टाहास करू नये. ती टाकून द्यावी. पातेल्यात सुटलेले पाणी फडक्यातून गाळून ठेवावे. सगळ्या कोशिंबिरीचा जीव त्यात आहे.

कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा काढून ती उकळत्या मिठाच्या पाण्यात टाकावी. दोन मिनिटे पुरेत. राखाडी कोळंबी पाहता पाहता केशरी होते, ती जादू नव्हे. केशरी रंग तिच्यात आधीपासूनच असतो. एका प्रथिनाने तो झाकून धरलेला असतो आणि उष्णतेने ती मिठी सुटते. रंगाबरोबर आकार पाहावा. कोयत्यासारखी वाकली की झाली. कडीसारखी मिटली की बिघडली.

माकुलाचा स्वभाव विलक्षण आहे. त्याच्या वळ्या करून उकळत्या पाण्यात एक ते दीड मिनिट ठेवाव्यात, की ते मऊ. त्यापुढे गेलात तर ते आवळते आणि रबर होते. मग ते पुन्हा मऊ व्हायला पाऊण तास मंद आचेवर शिजवावे लागते, तेव्हा कुठे त्यातले चिवट धागे विरघळतात. एक मिनिट किंवा पाऊण तास. मधला मार्ग नाही. माझी दहा मिनिटे नेमकी त्या मधल्या दलदलीत पडली होती.

आता पास्ता. इटालियन गृहिणीचे प्रमाण तोंडपाठ करण्याजोगे आहे: शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. म्हणजे आपल्याला चार लिटरचे पातेले हवे. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी एक तुकडा दाताखाली धरून पाहावा. मध्ये किंचित कणी लागली पाहिजे. इटालियन लोक याला 'अल् देन्ते' म्हणतात, म्हणजे दाताला जाणवेल असा. भातात कणी राहिली तर आपण नाके मुरडतो. पास्त्यात तीच कणी म्हणजे सुगरणपण. शिवाय थंड पास्ता पुढे तेल आणि तिसऱ्यांचे पाणी पिणार असतो. आधीच तृप्त झालेला पाहुणा पंगतीत कामाचा नाही.

गरम पास्त्यावर थंड पाणी ओतणे हा तिकडे अपराध समजतात, कारण त्यावरचा पिठूळपणा धुऊन गेला तर रस्सा त्याला धरत नाही. थंड कोशिंबिरीत हा अपराध क्षम्य आहे. एकदाच भरभर पाण्याखाली धरावा आणि चाळण झटकून परातीत पसरावा. वर दोन चमचे तेल घालून हाताने चोळावे. म्हणजे केक होत नाही.

यापुढचा नियम चवीपेक्षा प्रकृतीचा आहे. गरम पास्ता आणि गार मासे एकत्र कालवू नयेत. सगळे कोमट होते, आणि कोमटपणा हीच जंतूंची आवडती हवा. दोन्ही वेगवेगळे पसरून वाफ जिरली, की झाकून शीतकपाटात ठेवावे. आपल्या उन्हाळ्यात शिजवलेले मासे बाहेर तासाभरापेक्षा जास्त राहू देऊ नयेत. दोन्ही नीट गार झाल्यावर एकत्र करावे. वाढण्याआधी पंधरा मिनिटे वाडगे बाहेर काढावे, कारण फार गार पास्ता कडक लागतो आणि जिभेला चवही कळत नाही. उरलेले दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

उरलेल्या चार चमचे तेलात ठेचलेली लसूण घालून ते जरा कोमट करावे आणि लसूण काढून टाकावी. त्यात तिसऱ्यांचे पाणी तीन-चार चमचे, मिरपूड, बारीक चिरलेली सेलरी, बिया काढलेले टोमॅटो. मीठ चाखूनच घालावे. समुद्राने आपला वाटा आधीच दिलेला असतो. पार्स्ली नसेल तर कोवळी कोथिंबीर चालते, पण अर्धीच. दोघी एका कुळातल्या असल्या तरी आपली कोथिंबीर जास्त बोलकी आहे. लिंबू अगदी पानावर बसताना पिळावे. आधी पिळले तर पाला पिवळा पडतो आणि कोळंबी घट्ट होते.

किसलेले चीज? मुळीच नाही. माशांबरोबर चीज इटलीत जुनी माणसे निषिद्ध मानतात. चरकसंहितेनेही मासे आणि दूध एकत्र खाऊ नये असे सांगून ठेवले आहे. कारणे कुणी काहीही देवोत. दोन प्राचीन देशांच्या आज्यांचे ज्यावर एकमत आहे, तिथे प्राध्यापकाने मध्ये बोलू नये. मेयोनेज हा अमेरिकेतल्या मॅकरोनी-सॅलडचा रिवाज. त्याला तिकडेच नांदू द्यावे.

"वाढतला कोण?"

मेच्या अखेरच्या रविवारी पहाटे मी ससून डॉकला गेलो. १८७५ साली सुरू झालेल्या या गोदीत अजूनही उजाडण्याआधी कोळणींचा बाजार भरतो. सात वाजता घरी आलो आणि साडेनवाला, ऊन तापायच्या आत, स्वयंपाकघराचा दिवा मालवून बाहेर पडलो. ओटा पुसलेला होता, हे सौ.च्या माहितीसाठी इथे छापून ठेवतो.

साडेबाराला मी ताटे मांडली. सहा. आई सवयीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, बस."

"बसतंय मगे. तुमी बसा."

"मगे नाही. आत्ता. आत काही तव्यावर नाही."

तिने आत वाकून पाहिले. शेगडी थंड होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि खऱ्याखुऱ्या काळजीने विचारले, "आणि वाढतला कोण?"

वाडगे मध्ये ठेवले होते. ज्याने त्याने वाढून घ्यायचे होते. आई बसली, पण पाटावर पहिल्यांदा बसलेल्या नवरीसारखी, टोकावर. पहिल्या पाच मिनिटांत ती दोनदा उठली: एकदा मीठ आणायला, एकदा पाणी. दोन्ही समोरच होते. तिसऱ्यांदा उठू लागली तेव्हा धाकटीने तिचा पदर धरला. "आजी, तू बस ना!" मग ती बसली. तिने एक कोळंबी उचलली, चावली, आणि मासे विकत घेताना करते तसा डोळे बारीक करून विचार केला.

"वायच तिरफळ होयां होता," ती म्हणाली.

जेवून उठलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटे झाली होती. एरवी या वेळी तिचे जेवण सुरू व्हायचे असते. हात धुऊन ती थोडा वेळ स्वयंपाकघरात घुटमळली, मग बाहेर येऊन गॅलरीत बसली. तिला एवढी मोठी दुपार कधी मिळालीच नव्हती. तिचे काय करायचे हे तिला ठाऊक नव्हते. मी जवळ जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने ती आपण होऊन बोलू लागली, वेंगुर्ल्याच्या बंदराविषयी, लहानपणी ओहोटीला तिसऱ्या वेचायला जात त्याविषयी, आणि परकर भिजवून घरी आल्यावर खाल्लेल्या माराविषयी. ती कधी समुद्रात उतरली होती, हेच मला माहीत नव्हते.

रात्री मी हे सगळे लिहून काढणार असल्याचे सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "चार रविवार केलंत तर लेख झाला. आम्ही वीस वर्षं करतो आहोत, त्याची किती खंडांची कादंबरी होईल?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. रविवारची सकाळ तेव्हापासून माझ्याकडे आहे.

पुढच्या खेपेस मी चार तिरफळे घेतली, आतली काळी बी काढली, साले जरा ठेचून लसणीबरोबर कोमट तेलात टाकली आणि मग गाळून काढली. नेपल्सची बाई ते तेल ओळखणार नाही. पण कोळंबीला ते इतके शोभते, की आता आमच्या घरी त्यावाचून हा पदार्थ होत नाही. वरच्या यादीत तिरफळ आले ते असे. तेवढे एक जिन्नस आईचे आहे. आणि ते तिने बसल्या जागेवरून सांगितले आहे.